क्रिस्पा की मॅक्युलोजा? रंग सोडा, ओठ बघा

वळवाचे दोन-चार पाऊस पडले की सह्याद्रीतल्या आंब्या-जांभळांवर आमऱ्यांचे, म्हणजे ऑर्किडचे, गुलाबी तुरे लोंबायला लागतात आणि वनस्पतिप्रेमींच्या व्हॉट्सॲप गटांवर फोटो येऊ लागतात. फोटो बहुतेक वेळा झाडाखाली उभं राहून, मान वर करून काढलेला. खाली नाव ‘सीतेची वेणी’. कुणी दुरुस्ती करतं, ‘एरिडीस मॅक्युलोजा’. दुसरा म्हणतो, ‘नाही हो, क्रिस्पा.’ तिसरा ‘ऱ्हिंकोस्टायलिस’ लिहून मोकळा होतो. मग ज्याचा आवाज मोठा त्याचं नाव टिकतं. खरं तर फूल हाताच्या अंतरावर असेल किंवा फोटो योग्य बाजूने काढलेला असेल, तर हा वाद अर्ध्या मिनिटात मिटतो. अट एकच, रंगावर जायचं नाही.

आधी तिसऱ्याला बाजूला काढू, कारण ते सगळ्यांत सोपं आहे. ऱ्हिंकोस्टायलिस रेटुसा म्हणजे आसामातल्या बिहूत मुली केसांत माळतात ते ‘कोपौ फूल’. आसाम आणि अरुणाचल या दोन्ही राज्यांचं ते राज्यफूल आहे. आपल्याकडेही ते भरपूर आहे. त्याचा तुरा एकसंध, गच्च, दंडगोल असतो आणि त्याला फांद्या फुटत नाहीत. एका तुऱ्यात शंभराच्या वर फुलं सहज भरतात. पानं मधोमध खोल पन्हाळीसारखी दुमडलेली, त्यांवर फिकट उभ्या रेघा आणि टोक कुणीतरी दातांनी कुरतडल्यासारखं. फुलाच्या ओठाला, म्हणजे सगळ्यांत वेगळ्या दिसणाऱ्या पाकळीला, बाजूचे कान नसतात आणि ओठाखालची पिशवी चपटी होऊन मागे वळलेली असते. एरिडीसमध्ये हीच पोकळ सोंड, पुस्तकी शब्दात शुंडिका, पुढच्या बाजूला वळते. बाजूने काढलेला एक फोटो असला तर मागे की पुढे एवढंच बघायचं. सोंड मागे असेल तर ऱ्हिंकोस्टायलिस, चर्चा संपली.

सोंड पुढे वळलेली दिसली की खरा पेच सुरू होतो.

एरिडीस ही हिमालयापासून फिलिपिन्सपर्यंत पसरलेली, साधारण पंचवीस-तीस जातींची प्रजाती. आपल्या दोन्ही जातींना नाव दिलं इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ जॉन लिंडलीने: क्रिस्पाला 1833 मध्ये, मॅक्युलोजाला 1845 मध्ये. दोन्ही फक्त भारतात सापडतात. जुनी पुस्तकं आणि हर्बेरियमच्या (वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहाच्या) पत्रकांवरच्या चिठ्ठ्या चाळणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. तिथे ही नावं ‘क्रिस्पम’ आणि ‘मॅक्युलोजम’ अशी भेटतात. जाती त्याच, फक्त लॅटिन नावाचं लिंग बदललं आहे. ‘क्रिस्पम’ ही वेगळी जात समजून यादीत एक आकडा वाढवण्याचा प्रकार अधूनमधून होतो.

आता ओठ. आमरीच्या फुलात सहा पाकळ्यांपैकी पाच साधारण सारख्या असतात आणि सहावी वेगळी, तोच ओठ. एरिडीसमध्ये ओठाचे तीन भाग असतात: दोन बाजूंचे कान आणि मधला मोठा भाग. भिंग नसेल तर मोबाइलचा कॅमेरा दुप्पट-तिप्पट झूम करून या मधल्या भागाची कड बघा. क्रिस्पात ती कड कातण्याने कापलेल्या करंजीसारखी असते, बारीक दातेरी, चुण्या पडलेली, कुरळी. मॅक्युलोजात ती सलग असते. फार तर किंचित लहरते, पण दाते नसतात. दोघींचं ओळखपत्र हेच. बाकी सगळे पुरावे दुय्यम.

दुय्यम म्हणजे निरुपयोगी नव्हे. क्रिस्पाच्या ओठाचे कान मोठे, उभे, गोलसर असतात आणि फुलाच्या मधल्या स्तंभाला दोन्हीकडून आडोसा केल्यासारखे दिसतात. मॅक्युलोजाचे कान इतके लहान की घाईत नजरेतून सुटतात, आणि मग ओठ म्हणजे एकच रुंद, सपाट, गडद गुलाबी-जांभळी जीभ वाटते. क्रिस्पाची सोंड शिंगासारखी ठसठशीत असते, बाजूने सहज दिसते. मॅक्युलोजाची आखूड आणि आकडी वळलेली असते. फुलाच्या आकारातही फरक आहे. क्रिस्पाचं फूल साधारण 3 ते 4 सेंटिमीटर, मॅक्युलोजाचं 2 ते 2.5. पण फोटोत मापपट्टी नसेल तर या आकड्यांचा काही उपयोग नाही. तुऱ्यातली पहिली फुलं आणि शेंड्याकडची शेवटची फुलं यांतच चांगला फरक असतो. मोजायचं तर तुऱ्याच्या मधल्या भागातलं पूर्ण उमललेलं फूल घ्यावं.

रंग का फसवतो ते सांगायला हवं, कारण सगळी गडबड तिथून सुरू होते. पुस्तकी वर्णन असं: क्रिस्पाच्या पाकळ्या पांढऱ्या, त्यांवर गुलाबी झाक, ओठ गडद, मॅक्युलोजाच्या पाकळ्या फिकट गुलाबी आणि त्यांवर जांभळे ठिपके. ठिपके म्हणजे मॅक्युलोजा, हे समीकरण लोक पाठ करतात. अडचण अशी की मॅक्युलोजात ठिपक्यांची दाटी झाडागणिक बदलते. काही फुलांत ते इतके विरळ असतात की दोन मीटरवरून दिसतच नाहीत. फूल जुनं झालं, पावसाने धुपलं की फिकटतं. ढगाळ हवेत मोबाइल स्वतःहून उजेड वाढवतो आणि पाकळ्या पांढऱ्याफटक करून टाकतो. ठिपके तिथेच मेले. मग ‘ठिपके नाहीत, म्हणजे क्रिस्पा’ असं नाव पडतं. उलटी चूकही होते. ऱ्हिंकोस्टायलिसच्या पाकळ्यांवरही जांभळे ठिपके असतात, त्यामुळे ठिपके बघून त्यालाच मॅक्युलोजा म्हटलं जातं. तेव्हा ठिपके दिसले तर जमेस धरा, दिसले नाहीत तर त्यावरून काहीच ठरवू नका.

तुऱ्याला फांद्या फुटल्या आहेत की नाही, हाही असाच पोकळ निकष. दोघींच्या तुऱ्यांना फांद्या येऊ शकतात. नव्या किंवा अशक्त झाडावर एकेरी तुरा येतो, जुन्या भरलेल्या झाडावर फांद्यांचा. मॅक्युलोजाची फुलं जवळजवळ बसतात आणि क्रिस्पाची मोकळी, सुटी दिसतात, एवढं म्हणता येईल. बहराचा काळ तर जवळपास एकच, मे ते जुलै. महिन्यावरून जात ठरत नाही.

फूल नसताना काय करायचं? हा प्रश्न वर्षातले आठ-नऊ महिने पडतो, आणि त्याचं उत्तर फारसं समाधानकारक नाही. मॅक्युलोजाचं झाड बुटकं, आटोपशीर. खोड वीतभर किंवा त्याहून थोडं कमी-जास्त, पानं एकमेकांना खेटून दोन ओळींत. क्रिस्पाचं जुनं झाड अर्धा मीटर, कधी मीटरभर किंवा जास्तही लांब होतं. खोड काळपट-जांभळट, खालचा भाग पानं गळून उघडा पडलेला, त्यावर वाळलेल्या पानांचे देठ आणि करंगळीच्या जाडीची मुळं लोंबलेली. असं झाड दिसलं तर क्रिस्पा म्हणायला हरकत नाही. पण क्रिस्पाही एके काळी लहान असतेच. वीतभर खोडाचं, बिनफुलांचं झाड दोघींपैकी कुणाचंही असू शकतं. पानं दोघींची चामड्यासारखी जाड, पट्टीसारखी, 15 ते 20 सेंटिमीटर लांब आणि टोकाशी दोन असमान गोलसर कप्पे असलेली. मॅक्युलोजाच्या पानांवर कधीकधी जांभळट शिंतोडे दिसतात, मात्र भरपूर ऊन खाल्लेल्या बऱ्याच आमऱ्यांच्या पानांवर तसा रंग चढतो. अशा वेळी नोंदवहीत ‘एरिडीस, जात नक्की नाही’ असं लिहावं. ती नोंद चुकीच्या नावापेक्षा कितीतरी जास्त कामाची. फार लहान फुलांचा आखूड तुरा दिसला तर ती या दोघींपैकी नसून एरिडीस रिंजेन्स असण्याची शक्यता तपासावी. तीही आपल्याकडे आहे.

जागेवरून थोडा अंदाज बांधता येतो. मॅक्युलोजा जास्त काटक. लोणावळा, भीमाशंकर, महाबळेश्वरपासून आंबोलीपर्यंत ती आहेच, शिवाय गुजरातेतल्या डांगात, मध्य प्रदेशात, पूर्वेकडे ओडिशापर्यंत पानगळीच्या जंगलांत पोचली आहे. ऐन, किंजळ, कुंभा, आंबा, जांभूळ अशा खरबरीत सालीच्या झाडांवर, भरपूर उजेडात ती दिसते. क्रिस्पा सह्याद्रीला धरून राहते. आपल्याकडे जसजसं दक्षिणेला, कोल्हापूर-सिंधुदुर्गाच्या घाटांत आणि पुढे गोव्यात उतरावं तसतशी ती जास्त भेटते. तिथून कर्नाटक, केरळ. तिला ओलसर हवा, धुकं आणि निमसदाहरित रान जास्त मानवतं. पण ही सीमारेषा नव्हे. आंबोलीसारख्या ठिकाणी दोघी एकाच परिसरात सापडतात, आणि नेमक्या तिथेच नावांचा घोळ जास्त होतो.

फोटो काढणार असाल तर तीन काढा. एक फुलाचा समोरून, ओठाची कड स्पष्ट दिसेल असा. दुसरा त्याच फुलाचा बाजूने, सोंडेसाठी. तिसरा अख्ख्या झाडाचा, खोड आणि पानांची टोकं येतील असा. फुलामागे काळा किंवा राखाडी कागद धरला तर मोबाइल पाकळ्यांचा रंग उडवत नाही. फोकस ओठावर बोट टेकवून लावायचा आणि उजेडाची पट्टी एक-दोन घरं खाली ओढायची. फूल तोडायची गरज कुठेच पडत नाही. उंचावर असेल तर साधी दुर्बीण घ्या. दुर्बिणीच्या एका भिंगाला मोबाइल टेकवून काढलेला फोटोही कड ओळखण्यापुरता चालतो. यजमान झाडाचं नाव आणि आमरी जमिनीपासून किती उंचीवर आहे, हेही लिहून ठेवावं. नंतर आठवत नाही.

यजमान म्हटलं की बांडगुळाचा विषय आलाच. कोकणात आंब्याच्या बागेची साफसफाई करताना गडी कोयत्याने बांडगूळ काढतात, आणि त्याच सपाट्यात आमऱ्याही खरवडून टाकतात. दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. बांडगूळ फांदीच्या आत शिरतं, जिथे शिरतं तिथे गाठ येते, आणि झाडाचं पाणी व क्षार ओढतं. ते काढायलाच हवं. आमरीची मुळं सालीवर फक्त चिकटतात. या मुळांवर मेलेल्या पेशींचा पांढरट, स्पंजासारखा थर असतो. पाऊस किंवा दव पडलं की तो काही क्षणांत पाणी शोषतो आणि मूळ हिरवं दिसायला लागतं, कारण आतल्या हिरव्या पेशी दिसू लागतात. अन्न पानं आणि ही हिरवी मुळं मिळून स्वतः बनवतात. बागेतल्या माणसांना खूण सांगायची तर अशी: चिकटलेल्या जागी फांदीला गाठ असेल आणि आडवी-उभी लाकडी डहाळी फुटली असेल तर कापा, पट्टीसारखी जाड पानं दोन ओळींत असतील आणि पांढरी मुळं सालीवर पसरलेली असतील तर राहू द्या.

उन्हाळ्यात दोघींची पानं सुरकुततात, कडा आत वळतात. झाड मेलं असं समजून ते काढू नये. शेंड्याचं कोवळं पान हिरवं आणि मूळ दाबल्यावर टणक असेल तर झाड जिवंत आहे. मूळ पोकळ, कागदासारखं दबलं तर तेवढं मूळ गेलं. या दोघींना पाणी साठवायला फुगीर कंद नसतो. सगळा साठा जाड पानांत आणि मुळांत, म्हणून त्या सुरकुततात आणि पहिल्या पावसानंतर आठवड्या-दोन आठवड्यांत पुन्हा तट्ट होतात.

घर बांधायला किंवा रस्त्यासाठी आपल्या मालकीचं झाड पाडावंच लागलं, तर त्यावरची आमरी वाचवता येते. वनजमिनीवरून काही हलवायचं तर वन खात्याची परवानगी लागते, तिथे स्वतःहून हात घालायचा नाही. मुळं सालीवरून सोलून काढायला जाल तर ती तुटतात, आणि तुटलेलं मूळ जिथे तुटलं तिथून सहसा वाढत नाही. म्हणून सालीचा तुकडा किंवा फांदीचा भागच कापून घ्यायचा. तो त्याच जातीच्या, नाहीतर खरबरीत सालीच्या दुसऱ्या झाडावर, साधारण तेवढ्याच उंचीवर आणि तेवढ्याच उन्हात बांधायचा. उत्तर किंवा पूर्वेची बाजू बरी. बांधायला जुन्या सुती धोतराच्या किंवा मोज्याच्या पट्ट्या घ्या. तांब्याची तार नको. तिच्यातला तांब्याचा अंश मुळांना बाधतो. मुहूर्त मृगाचा. तेव्हा नवी मुळं फुटत असतात आणि पाच-सहा आठवड्यांत साल पकडतात. जानेवारीत बांधलेलं झाड पुढचे चार-पाच महिने नुसतं जीव धरून राहतं, बरेचदा मरतं. आणि मुळांवर माती, शेण, कोकोपीट काहीही थापायचं नाही. मुळांना हवा लागते. झाकली की पावसाळ्यात ती आठ-पंधरा दिवसांत काळी पडून कुजतात.

कुंडीबद्दल थोडं, कारण विचारणारे असतातच. मॅक्युलोजा पुण्यासारख्या कोरड्या हवेत जमते, क्रिस्पाला ती मानवत नाही. मार्च ते मे या काळात हवेतला ओलावा कमी पडला की क्रिस्पाची खालची पानं एकेक करून पिवळी होऊन गळतात. लाकडी पट्ट्यांची टोपली, त्यात कोळशाचे आणि विटांचे अंगठ्याएवढे तुकडे, किंवा नुसता खैर-सागाचा ओंडका. 50 टक्के सावलीची जाळी. उन्हाळ्यात रोज सकाळी पाणी, पावसाळ्यात उघड्यावर असेल तर शून्य, थंडीत आठवड्यातून दोनदा. खत 19:19:19 (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात), लिटरला अर्धा ग्रॅम, वाढीच्या काळात आठवड्यातून एकदा, तेही मुळं आधी साध्या पाण्याने भिजवून. सगळ्यांत मोठा धोका शेंड्यात साचलेल्या पाण्याचा. या झाडांना वाढीचा एकच शेंडा असतो. संध्याकाळी पाणी घातलं, ते पानांच्या बेचक्यात रात्रभर राहिलं की शेंडा कुजतो, आणि मधलं पान अलगद हातात येतं. झाड तगडं असेल तर खालच्या पेरातून नवा फुटवा येतो, पण फुलावर यायला तो पुन्हा काही वर्षं घेतो. म्हणून टोपलीत झाड थोडं तिरकं लावा, पाणी आपोआप ओघळून जातं.

झाड आणायचं कुठून, हा नाजूक मुद्दा. घाटरस्त्यांवर आणि आठवडी बाजारांत जुड्या बांधून विकली जाणारी झाडं रानातूनच उपटलेली असतात. ती ओळखता येतात: मुळं मध्येच तुटलेली, त्यांना सालीचे तुकडे चिकटलेले, पानांवर दगडफूल किंवा किड्यांच्या जुन्या खुणा, आणि एकाच जुडीत लहान-मोठी झाडं. रोपवाटिकेत बियांपासून वाढवलेली झाडं एका मापाची असतात, त्यांची मुळं जाळीच्या कुंडीतच गुंडाळलेली दिसतात. रानातली घेऊ नका. कायद्याची बाजू तर आहेच. राखीव जंगलातून वनोपज उचलायला 1927 च्या भारतीय वन कायद्याने मनाई आहे, आणि आमरीचं अख्खं कुळ आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंधनं घालणाऱ्या ‘साइटीस’ कराराच्या परिशिष्टांत आहे. पण त्याहून मोठं कारण बीमध्ये आहे.

एरिडीसच्या एका बोंडात धुळीसारखं बारीक, हजारोंनी बी असतं. त्यात अंकुराला पुरेल असं अन्नच नसतं. रानात योग्य बुरशी भेटली, ती बीमध्ये शिरली आणि तिने साखर पुरवली तरच ते रुजतं. हे फ्रान्सच्या नोएल बर्नारने 1899 मध्ये दाखवलं. बुरशीशिवाय, साखर घातलेल्या माध्यमावर बी रुजवण्याची रीत अमेरिकेतल्या लुइस नडसनने 1922 मध्ये मांडली, आणि आजच्या प्रयोगशाळेतल्या रोपांचा पाया तीच आहे. रानात मात्र ती सोय नाही. हजारो बियांतली एखादीच सालीवर टिकते, आणि ते रोप फुलायला कित्येक वर्षं जातात. तुऱ्यावरची फुलं तोडली की बोंडंच धरत नाहीत. एखाद्या एकट्या आंब्यावर मीटरभर लांबीची क्रिस्पा दिसली तर ती बहुधा तिथे कित्येक दशकं आहे, आणि त्या झाडाच्या आसपास तिची लहान रोपं शोधली तर सालीच्या भेगांत नखाएवढ्या दोन-तीन पानांच्या जोड्या सापडतात. त्या रोपांची जात मात्र कुणालाच सांगता येणार नाही. त्यांना ओठ यायला अजून वेळ आहे.